काल रात्रीची खोली

शेजारच्या टेबलावरच्या माणसाने टोस्टला लोणी लावता लावता आकडा सांगितला आणि माझ्या हातातला चमचा कपातच राहिला. तो मला सांगतच नव्हता. समोर बसलेल्या सोबत्याला सांगत होता, की हे हॉटेल बरं पडतं, खोल्या स्वच्छ, नाश्ता धरून एवढं. ते एवढं म्हणजे मी देत होते त्याच्या निम्मं. आणि खोली माझ्या शेजारची, सकाळी कुलूप लावताना मी त्याला पाहिलं होतं. तोच मजला, तोच तपकिरी पडदा, खिडकीतून दिसणारी तीच पाण्याची टाकी. परक्या माणसाला नाश्त्याच्या वेळी हटकायचा माझा स्वभाव नाही, पण मी उठून त्याच्या टेबलापाशी गेले आणि विचारलं, की हे खरं का. तो औषधांचा फिरता विक्रेता होता. डाग पडू नये म्हणून त्याने गळ्यातला टाय खांद्यावरून मागे टाकला होता. त्याने मलाच उलट विचारलं, तुम्ही काय देता? मी रिसेप्शनच्या मागच्या बोर्डावर लिहिलेला आकडा सांगितला. तो हसला असता तर बरं झालं असतं. त्याने डॉक्टर पेशंटकडे बघतात तसं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, बोर्डावरचा रेट कुणी देत नसतं."

मी देत होते. वर्षानुवर्षं देत होते, आणि वर ‘पावती नीट द्या’ म्हणून दटावत होते. आता हे कसं सांगावं? मी वजनकाटे तपासते. कारखान्यांतले, गोदामांतले, ट्रक तोलायचे, प्रयोगशाळेतले पापणीचा केस टाकला तरी हलणारे. माझ्याकडे एक पेटी आहे, तिच्यात मखमलीच्या खाचांत प्रमाणित वजनं असतात, आणि त्यांना मी उघड्या बोटांनी हात लावत नाही. जगातल्या कुठल्याही काट्यावर ठेवा, किलो किलोच भरला पाहिजे, नाही भरला तर काटा चुकतो, किलो चुकत नाही. या एका गोष्टीवर माझा इतका भरवसा, की भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेला आकडा म्हणजे माझ्या लेखी मखमलीतलं वजनच. त्याला हात लावायचा असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसरं कुणीही असतं तर पहिल्याच दिवशी ‘काही कमी होईल का’ म्हणालं असतं. भाजीवाल्याशी मीसुद्धा घासाघीस करते. पण हॉटेलच्या त्या गुळगुळीत दगडी काउंटरपाशी, कडक इस्त्रीच्या कॉलरींसमोर, मी निमूटपणे कार्ड पुढे करायची.

त्या सकाळी मला राग यायला हवा होता. आलाही, लिफ्ट वर जाईपर्यंत टिकला. खोलीत शिरले, दार लावून त्याला पाठ टेकली आणि लक्षात आलं, की छाती धडधडतेय ती रागाने नाही, चक्क आनंदाने. कारण त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसातल्या हिशेबवाल्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं, की पुढच्या तिमाहीपासून तुमचे मुक्काम बंद. मुक्कामाचा खर्च कामाच्या बिलाच्या वर चाललाय. लांबचे कारखाने तिथल्याच एखाद्या मिस्त्रीला देऊन टाकू, तुम्ही वर्कशॉपमध्ये बसा, वय झालं, दगदग कशाला. वाईट माणूस नव्हेत ते, त्यांना वाटलं मी सुटले म्हणून खूश होईन. मी ‘बरं’ म्हणून बाहेर आले आणि जिन्यात कठडा धरून उभी राहिले. मुक्काम बंद म्हणजे खोली बंद. आणि आता हा टायवाला सांगत होता, की खर्च निम्मा होऊ शकतो.

खोली म्हणजे काय, हे ज्यांच्याकडे असते त्यांना कळत नाही. आमच्या घरात दोन खोल्या. आतल्या खोलीत आम्ही दोघं, लेकीचं टेबल, तिचा दिवा, तिची परीक्षा. बाहेरच्या खोलीत आई, सोफ्यावर. दाराची बेल वाजली की तिने उठायचं, जावई बातम्या लावून बसला की तिने पाय आखडून घ्यायचे, लेकीच्या मैत्रिणी आल्या की स्वयंपाकघरात स्टुलावर जाऊन बसायचं. कुणी तिला तसं म्हणत नाही. आमचे हे तर उलट ‘आई, तुम्ही बसा’ म्हणतात, आणि ती ‘बसतेय की’ म्हणत उठते. त्या घरातून महिन्याला दोन-तीनदा मी बॅग घेऊन निघायची आणि एका परक्या गावी, कार्ड टेकवून हिरवा दिवा लावून, माझ्या एकटीच्या खोलीत शिरायची. खोचून घट्ट ताणलेली चादर. कागदात गुंडाळलेला बोटभर साबण. एसीची एकसुरी घरघर, आणि त्याखाली ती शांतता, जिच्यात कुणी ‘माझे मोजे कुठेत’ म्हणत नाही. मी काही विशेष करायची नाही. पलंगावर आडवी तिरकी पडायची, इतकंच. पण त्या तिरक्या पडण्यावर माझा पुढचा पंधरवडा निघायचा.

परत आले की आई विचारायची, खोली कशी होती. तिला कारखान्यांत रस नव्हता, खोलीत होता. मग मी सांगायची, पडदा कसला, उशा किती, आंघोळीला गरम पाणी किती वेळात येतं. साबण तिच्या हातावर ठेवायची, तो ती साड्यांत घालायची. आणि शेवटी तिचा ठरलेला प्रश्न, दर खेपेला, तोच. "दार आतून नीट लागतं ना गं?" लागतं गं बाई, मी म्हणायची, साखळी असते, वर भिंगही असतं, कोण आलंय ते दिसतं. मला वाटायचं, म्हातारी काळजी करते. एकटी बाई, परका गाव. आणि काळजीचं थोडं ओझंच व्हायचं मला, खरं सांगायचं तर.

तर मी चंग बांधला. त्या दिवशी कारखान्यातले काटे मी हाताने तपासले आणि डोक्याने खोल्या. दुपारी टायवाला लॉबीत सापडला, त्याला चहा पाजला आणि तो बोलत गेला. म्हणाला, ताई, पहिलं हे समजून घ्या, की ते खोली विकत नाहीत, रात्र विकतात. मंगळवार-बुधवारची रात्र महाग, कारण तेव्हा आपल्यासारखे सगळे कामाला आलेले असतात. रविवारची रात्र स्वस्त, कारण अशा हॉटेलात रविवारी कुत्रं फिरकत नाही. समुद्राकाठच्या हॉटेलांत बरोबर उलटं. मी टेबलावर थाप मारली. किती साधं, किती स्वच्छ! म्हणजे आकडा चुकत नव्हता, आकड्याखालची जमीन रोज हलत होती. काटा सपाटीवर नसला की तो हेच करतो, आणि मी जन्मभर लोकांना सांगत आले, आधी पाया बघा, मग वजन बघा. मला त्याला मिठीच मारावीशी वाटली, पण त्याने चहाबरोबर आणखी एक सामोसा मागवावा का असा चेहरा केला होता, म्हणून मी तो मागवला.

त्यानंतरचे आठवडे मी तापात असल्यासारखी काढले. गोड ताप. बसमध्ये, भाजी निवडताना, लेकीला डबा भरताना, माझ्या डोक्यात रात्री चढत-उतरत होत्या. एकच खोली सकाळी एक भाव सांगते आणि संध्याकाळी दुसरा, हे मी मोबाइलवर बघत बसायची, दूध उतू गेलं तरी. शहरात डॉक्टरांचं अधिवेशन असलं की भाव भडकतात. आधी पैसे भरून टाकले आणि ‘रद्द करणार नाही’ असं कबूल केलं की खूप कमी होतात. या दुसऱ्या ज्ञानाने मी तोंडावर आपटले. हर्षभरित होऊन तसलं एक बुकिंग केलं आणि कारखान्याने तारीख पुढे ढकलली. पैसे बुडाले. ते मी कंपनीला न सांगता स्वतःच्या पदरचे भरले आणि शिकले, की आपल्या धंद्यात तारीख आपली नसते, तेव्हा चार पैसे जास्त द्यावे पण रद्द होणारीच खोली घ्यावी. कारखान्याजवळची महागडी खोली आणि स्टेशनाजवळची स्वस्त खोली, यांत टॅक्सीचं भाडं मिळवलं की काटा कुठे झुकतो, तेही शिकले. नाश्ता धरून की न धरता. लिफ्टजवळची खोली कमी लोक मागतात, मला तर लिफ्टचा आवाज आवडतो. आमचे हे रात्रीच्या जेवणाला म्हणाले, की हल्ली झोपेतही तू ‘मग शेवटचं किती’ म्हणतेस. लेक हसली. आईसुद्धा हसली, पण मग हळूच विचारती झाली, की म्हणजे मोठ्या हॉटेलची खोली आपल्यालाही परवडेल अशी असते का कधी? असते की, मी म्हणाले, रविवारी. आणि पुढचं विसरून गेले, कारण डोक्यात मॅनेजरशी काय बोलायचं ते घोळत होतं.

मॅनेजर म्हणजे त्याच तपकिरी पडद्याच्या हॉटेलचा, टक्कल, कोरलेली मिशी, बोलताना पेनाचं टोपण उघडमीट करणारा. मी त्याच्या केबिनमध्ये वजनाची पेटी मांडीवर घेऊन बसले, धीर यावा म्हणून. त्याला सांगितलं, की मी इतकी वर्षं येते, पुढेही येणार, माझ्या मागोमाग आमचे आणखी दोघे येतात, ते सध्या दुसरीकडे उतरतात, ते इथे आले तर? वर्षभराच्या रात्रींची हमी देते, भाव कंपनीचा लावा. तो टोपण वाजवत राहिला. मला वाटलं आता नाही म्हणणार, आणि हा नाही म्हणाला की साहेब खरे ठरणार आणि मी वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली. तो म्हणाला, "मॅडम, गोदामातला माल आज नाही खपला तर उद्या खपतो. माझी काल रात्रीची रिकामी खोली आज मला कुणाला विकता येत नाही. ती गेली ती गेलीच. तुम्ही वर्षाच्या रात्री बांधून देताय, मी नाही कशाला म्हणू?" मग जरा संकोचूनच म्हणाला, "तुम्ही कधी विचारलंच नाहीत." मी पेटी घट्ट धरली. लाज वाटली, आणि लाजेच्या वर, दुधावर साय यावी तसा आनंद आला.

भाव निम्म्यावर आला. हिशेबवाल्या साहेबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि म्हणाले, की बाकीच्यांनाही जरा शिकवा. मुक्काम राहिले. मी त्याच कठड्याला हात लावून जिना उतरले, जवळपास उड्या मारतच. आणि खरी गंमत तर पुढेच होती. सोमवारी सकाळी कारखाना सुरू व्हायच्या आत काटा तपासायचा असेल तर रविवारी संध्याकाळीच पोचायला हवं, आणि रविवारची रात्र तर सगळ्यांत स्वस्त. दुसरं असं, की भाडं खोलीचं असतं, माणसाचं नव्हे. एक जण झोपा नाही तर दोघं. हे वाचलं त्या दिवशी मी आईला म्हणाले, चल माझ्याबरोबर, फुकटात. ती म्हणाली, छे, मी काय करू तिथे? आणि लगेच, कोणती साडी चालेल?

एकच खोली घ्यायची असं ठरलं होतं. पण फोनवर रिसेप्शनच्या मुलीने सांगितलं, की या रविवारी हॉटेल जवळजवळ रिकामंच आहे, दुसरी खोली हवी तर बोर्डावरच्या रेटच्या चौथाईत देते. चौथाईत! मी ‘घेतली’ म्हणून मोकळी झाले. आईचा विचार करून घेतली असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी स्वस्ताईच्या नशेत घेतली, जशी बायका सेलमध्ये नको असलेली बरणी उचलतात. काम दोन दिवसांचं होतं. सोमवारी भाव चढतो, तेव्हा सोमवारी दुपारी आईने माझ्या खोलीत यायचं, दुसरं माणूस फुकट. बेत इतका चोख होता, की मला तो कुणाला तरी दाखवावासा वाटत होता. टायवाल्याला निरोपच धाडला मी, त्याने उलट हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

रविवारी ऊन कलताना पोचलो. लॉबीत आई माझ्या मागे मागे, पर्स दोन्ही हातांनी धरून. तिच्या खोलीचं कार्ड मी तिलाच टेकवायला लावलं. हिरवा दिवा लागला तशी ती दचकली आणि मग तिने ते पुन्हा एकदा करून पाहिलं. आत मी तिला सगळं दाखवत सुटले, हा गरम नळ, हा गार, एसी असा बंद करायचा, चहाची किटली ही, आणि हा पुठ्ठा, हा दाराबाहेर अडकवला की झाडायलासुद्धा कुणी येत नाही. मी तोंडाचा पट्टा सोडला होता, आणि मध्ये मध्ये किती वाचले तेही सांगत होते. ती खोलीच्या मधोमध उभी होती. पलंगाकडे बघत नव्हती, खिडकीकडेही नाही. दाराकडे बघत होती.

"हे मी आतून लावलं, की कुणी उघडणार नाही?" तिने विचारलं.

"तू उघडल्याशिवाय नाही."

"तूसुद्धा नाहीस?"

"मीसुद्धा नाही. माझं कार्ड या दाराला चालत नाही."

"बरं," ती म्हणाली, "मग तू जा आता." मला अजून तिजोरी दाखवायची होती. जेवायला किती वाजता, सकाळी नाश्ता कुठे, हे सांगायचं होतं. मी बोलत बोलत उंबऱ्याबाहेर आले, वळले, आणि वाक्य अर्धं असतानाच तिने दार लावून घेतलं. आतून कडी सरकली. मग साखळी. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि भिंगामागे किंचित अंधार झाला. ती आतून माझ्याकडे बघत होती. मी हात हलवला. भिंग पुन्हा उजळलं, ती गेली.

मी त्या कॉरिडॉरमध्ये, मऊ गालिच्यावर, हसत उभी राहिले. माहेरी तिच्या पाठची सहा भावंडं, सगळी एका ओळीत झोपायची. सासरी मधल्या घरात, जिथून सगळ्यांची जा-ये. बाबांच्या आजारपणात दार उघडं ठेवून, हाक ऐकू यावी म्हणून. आता माझ्या सोफ्यावर, बेलच्या खाली. हे सगळं मला पाठ होतं, नवं काहीच नव्हतं. पण इतकी वर्षं ती मला विचारत होती, दार आतून नीट लागतं ना, आणि मी तिला साखळीचं वर्णन करून सांगत होते. ती माझी काळजी करतच नव्हती. तिला ते ऐकायला आवडत होतं. कुठेतरी असं दार आहे, आणि आपल्या लेकीला ते लावता येतं, इतकंच तिला पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं. मी, जी गुंजभर फरक नजरेने ओळखते, तिला हे कळलं नाही. मग मी माझ्या खोलीत गेले आणि तिरकी पडले. पण लक्ष भिंतीपलीकडे. नळ वाहत होता, बराच वेळ, गरम असणार. सत्तरी ओलांडलेल्या बाईने काय काय केलं असेल त्या खोलीत? मला माहीत नाही, आणि माहीत नाही याचाच मला मोठा आनंद होत होता.

जेवायला ती आली, केस ओले, चेहरा धुतलेल्या भांड्यासारखा लख्ख. फार बोलली नाही. भराभर जेवली आणि ‘निघते’ म्हणाली, जणू तिचं वर काही काम खोळंबलं होतं.

सोमवारी सकाळी मी पेटी घेऊन निघाले. तिला सांगायचं होतं, की दुपारी बाराच्या आत खोली सोडायची, सामान माझ्याकडे आणून ठेव. दारापाशी गेले, बोट टकटक करायला वाकवलं. दाराच्या मुठीला तो पुठ्ठा अडकवलेला होता. ‘कृपया व्यत्यय आणू नये’. सरळ, नीट, अक्षरं बाहेरच्या बाजूला. तिने तो काल एकदाच पाहिला होता. आतून आवाज येत होता, टीव्हीचा नव्हे, तिचा. ती काहीतरी गुणगुणत होती, मोकळ्या गळ्याने, घरी कधी ऐकला नाही असा आवाज. मी वाकवलेलं बोट सरळ केलं.

खाली रिसेप्शनची मुलगी म्हणाली, "गुड मॉर्निंग मॅडम, दुसरी रूम बारा वाजता सुटतेय ना?" मी विचारलं, आजच्या रात्रीसाठी ठेवायची तर? तिने कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं आणि बिचारीचा चेहरा पडला. आज सोमवार. शहरात यंत्रांचं प्रदर्शन. कंपनीचा भाव फक्त तुमच्या एका खोलीला, ही दुसरी तर तुमची खासगी. तिने हळूच मान मागे करून बोर्डाकडे बोट दाखवलं. तोच आकडा. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि थांबली, कारण आता मी विचारणार, हे त्या हॉटेलातल्या सगळ्यांना एव्हाना ठाऊक झालं होतं. टक्कलवाला मॅनेजरसुद्धा केबिनच्या दारात येऊन उभा राहिला होता, टोपण वाजवत, जरा मजेत. मी पेटी काउंटरवर ठेवली. आतली वजनं खाचांत हलकेच किणकिणली. बोर्डावरचा आकडा मी एकदा नीट वाचला. मला तो अगदी बरोबर वाटला.

"लिहा," मी म्हणाले, आणि स्वतःचं कार्ड पुढे केलं. "आणि वर कुणाला पाठवू नका."